वहीतली साखर आणि मशीनमधली साखर

"मॅडम, गोड सोडलं, भात सोडला, बटाटा सोडला. आता अजून काय सोडू?"

गरोदरपणात साखर निघालेली बाई माझ्या टेबलासमोर बसली की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. लातूरच्या एका प्रसूती रुग्णालयात मी १४ वर्षं समुपदेशक म्हणून बसते. औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर, सगळीकडून बाया येतात. कुणी शेतात राबणारी, कुणी बँकेत नोकरीला. शब्द थोडे इकडचे तिकडे, घोर मात्र एकच: एवढं सोडलं तरी आकडा का उतरेना, आणि माझ्या चुकीचं लेकराला भोगावं लागेल का? गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात चौघींनी हे विचारलं, तेव्हा रेवतीबद्दल लिहायचं ठरवलं. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. तिची परवानगी आहे.

रेवती २७ वर्षांची, नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवणारी. पहिलीच खेप. सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं, तर १६३. हा आकडा १४० किंवा त्याच्या वर गेला की गर्भावस्थेतला मधुमेह धरतात. ही तपासणी आपल्याकडे उपाशीपोटीच करावी लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी तिचा आग्रह धरला. पहाटेची एसटी पकडून खेड्यावरून येणाऱ्या पोटुशी बाईला उपाशी बसवायचं म्हणजे काय, हे आमच्या व्हरांड्यात उभं राहिल्यावर कळतं.

पहिल्या भेटीत मी तिला नेहमीचं समजावलं. वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, जी संप्रेरकं निघतात, ती आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं शरीर जास्त इन्शुलिन बनवून हे निभावून नेतं, काहींचं कमी पडतं. लग्नात किती जिलब्या खाल्ल्या याचा हा हिशेब नाही. साखर जास्त राहिली तर ती वारेतून बाळाकडे जाते, बाळ जास्त इन्शुलिन तयार करतं आणि गरजेपेक्षा मोठं होतं. जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरू शकते. म्हणून सांभाळायचं. पण बाळ मधुमेह घेऊनच जन्मतं, ही समजूत खोटी आहे. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, एवढं लक्षात ठेव, म्हणाले. तिने वहीत १२० खाली दोन रेघा मारल्या.

घरच्या मशीनवर, म्हणजे ग्लुकोमीटरवर, रोज साखर बघून वहीत लिहायची होती. दोन आठवड्यांनी ती आली ती देखणी वही घेऊन. रकाने पट्टीने आखलेले, अक्षर मोत्यासारखं. ११२, १०८, ११५, ११८, ११०. चौदा दिवसांत एकदाही १२० च्या वर नाही. आणि त्याच सकाळी आमच्या लॅबमध्ये नाश्त्यानंतरची साखर १७१ आली होती. वजन दीड किलोने उतरलेलं, लघवीत कीटोन, म्हणजे शरीर उपासमारीला लागलेलं.

मी वही मिटून बाजूला ठेवली. खोटं पकडलं असं दाखवलं असतं तर ती पुन्हा आली नसती. अशा किती वह्या मी पाहिल्या आहेत. खोटे आकडे लिहिणारी बाई बेफिकीर कधीच नसते, सगळ्यांत जास्त तीच घाबरलेली असते.

"ही वही कुणासाठी लिहितेस?"

बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज रात्री फोन करतात. 'आज किती आली?' एवढंच विचारतात."

लातूरमध्ये वाढलेल्या माणसाला या प्रश्नाचं ओझं सांगावं लागत नाही. कसून अभ्यास करून घेणाऱ्या 'लातूर पॅटर्न'ने या गावातल्या कितीतरी मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, त्याचा मलाही अभिमान आहे. त्याची दुसरी बाजू माझ्या टेबलावर येते. रेवतीची मेडिकलची सीट थोडक्यात हुकली होती. तेव्हा अण्णा चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

"मशीनवर १३० दिसलं की मनात काय येतं?"

"नापास."

"कोण?"

"मी." आणि मग अगदी हळू, "आई म्हणून."

मी ज्या विचारांच्या शाळेत शिकले, तिचं मला पटलेलं सार इतकंच आहे की आकड्यापेक्षा, आकड्याला आपण चिकटवलेलं वाक्य माणसाला जास्त रडवतं. ते वाक्य सापडलं की अर्धं काम झालं. पण सापडलेलं वाक्य उपदेशाने पुसलं जात नाही, हेही मी ठेचा खाऊन शिकले आहे. म्हणून "काळजी करू नकोस" असं काही म्हटलं नाही. तिच्याच शाळेत गेले.

"पोराचं गणित चुकलं तर तू काय करतेस?"

"पायऱ्या बघते. चूक सहसा एकाच पायरीत असते. बाकीच्या पायऱ्यांचे मार्क देते."

"आणि पोराने पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून नुसतं उत्तरच लिहिलं तर?"

"मग काहीच करता येत नाही, मॅडम. कुठं अडलंय तेच कळत..."

ती तिथेच थांबली. वहीकडे पाहिलं. खिडकीबाहेर रिक्षावाले ओरडत होते आणि आम्ही दोघी गप्प. मग तिने पर्समधून ग्लुकोमीटर काढला, बटण दाबून मागचे आकडे उघडले आणि न विचारता सांगायला लागली. "सोमवार नाश्ता, १६८. सोमवार दुपार, १२४. मंगळवार नाश्ता, १८१." ती सांगत गेली, मी कोऱ्या पानावर लिहीत गेले. चौदा दिवसांचं सगळं लिहून झालं तेव्हा तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "नाश्त्याची पायरी चुकलीय."

त्या दुपारी मलाही एक गोष्ट उमगली. इतकी वर्षं मी बायांच्या मनातली आकड्याची भीती काढायला बघत होते. ती निघत नाही, आणि ती काढत बसायची गरजही नसते. आकडा कामाला लावला की त्याचा धाक आपसूक उतरतो. आमच्याकडे वहीतल्या चढ्या आकड्याला लाल शाईने गोल करायची रीत होती, ती मी बंद करायला लावली. आता आकड्याशेजारी तीन रकाने असतात: काय खाल्लं, किती खाल्लं, नंतर चाललात का.

तर नाश्ता. रेवती सकाळी सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, खायची, बशी भरून, वर गोड चहा. मुरमुरे हलके, म्हणून. पोटाला हलकं ते साखरेला हलकं असेलच असं नाही. मुरमुऱ्यांची साखर झटकन रक्तात उतरते, आणि गरोदरपणात बहुतेकींचं शरीर सकाळीच साखरेला जास्त अडतं. त्याऐवजी एक धपाटं, दही आणि वाटीभर मोडाची मटकी सुरू केली. चहा बिनसाखरेचा, तोही नंतर. चौथ्या दिवशी नाश्त्यानंतरचा आकडा ११९.

दुसरी पायरी रात्रीची. उपाशीपोटीचा आकडा उतरावा म्हणून ती संध्याकाळनंतर काही खातच नव्हती. तरी सकाळी १०२, १०४. कारण रात्रभर पोट रिकामं राहिलं की यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं. कीटोन आणि उतरलेलं वजनही तिथूनच आलेलं. तिला आठ वाजता भाकरी, वरण, पालेभाजी असं नीट जेवायला लावलं आणि झोपताना बिनसाखरेचं कपभर दूध नि मूठभर भाजके शेंगदाणे. खायचं बंद करून ही साखर आवरत नाही. तीन जेवणं, मध्ये तीन छोटी खाणी, आणि प्रत्येक वेळी भाकरी-पोळीसोबत डाळ, उसळ, दही किंवा अंडं. नुसती भाकरी-चटणी नको. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या. एवढ्यानेही आकड्यात फरक दिसतो.

भाकरीचं थोडं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे "जोंधळ्याला साखर नसते" असं छातीठोक सांगणारे खूप. ज्वारी चांगलीच आहे, तिच्यात चोथा आहे. पण पिष्टही आहे, ते मोजूनच खायचं. रेवतीला मी घरची भाकरी डब्यात घालून आणायला सांगितलं. आमच्या डायटिशियनने ती काट्यावर ठेवली, तर त्या एका भाकरीत आहाराच्या तक्त्यातल्या दोन भाकरी बसत होत्या. ती बिचारी "एकच खाते" म्हणत होती, ते खरंच होतं. तेच गुळाचं, रक्तात गेल्यावर गूळ नि साखर यांत फार भेद राहत नाही. मोसंबी खा, फोडी चावून खा, रस काढून ग्लासभर पिऊ नका. आणि चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी या काही महिन्यांपुरती देवाला हात जोडून बाजूला ठेवा.

भाकरी कुणाची, तर आत्याबाईंची. म्हणजे सासूबाईंची. रेवती म्हणायची, "ताटात वाढलेलं टाकता येत नाही, आणि नको म्हटलं की त्या रडतात." मी त्यांना बोलावून घेतलं. बाईचं ताट तिच्या एकटीचं नसतं, चुलीपाशी बसलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय ते बदलत नाही, असं माझं ठाम मत आहे. साठीला टेकलेल्या त्या माउली खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि माझ्यावरच उखडल्या. "पोरगी वाळूलाली की हो! तुमी दवाखान्यातले लोक तिला उपाशी मारूलालाव."

"मावशी, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

मग हळूहळू निघालं. बहात्तरच्या दुष्काळात त्या सहा वर्षांच्या होत्या. आई पोटुशी, खडी फोडायच्या कामावर. सरकारी सुकडी यायची ती आई लेकरांना वाटायची, स्वतःला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल जोंधळ्याची भाकर, तीही अर्धी. "लेकरू झालं ते मांजराच्या पिल्लावानी. तीन दिस जगलं." त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "पोटुशी बाई उपाशी ऱ्हायली की काय होतं, ते म्या बघितलंय."

रेवतीला हे ठाऊक नव्हतं. तिने खुर्ची सरकवून त्यांचा हात धरला. मी म्हटलं, "मावशी, तुमचं बरोबर आहे. तिने उपाशी राहायचंच नाही. ती संध्याकाळी जेवत नव्हती, ते मीच बंद केलंय. आता दिवसातून सहा वेळा खायचंय, आणि ते तुमच्याशिवाय कोण बघणार?" त्या पहिल्यांदा नीट टेकून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून भाकरीचा उंडा, म्हणजे पिठाचा गोळा, लहान झाला आणि ताटात उसळ वाढली. मटकीला मोड कधी आले, याचा फोन मला येऊ लागला.

सगळं जेवणावरच आटोपलं असं मात्र नाही. जेवणानंतरचे आकडे बसले, उपाशीपोटीचा ९८ ते १०३ मध्येच घुटमळत राहिला. दोन आठवडे नीट आहार घेऊनही आकडे बसले नाहीत तर औषधाकडे वळायचं, हे ठरलेलं आहे. डॉक्टरांनी रात्रीचं थोडं इन्शुलिन लिहून दिलं. इथे बऱ्याच जणी कोसळतात. त्यांना मी सांगते, इंजेक्शनमधलं इन्शुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं ते थांबतं. रेवतीला मी हे सांगायच्या आतच ती म्हणाली, "काही गणितं लॉगटेबलशिवाय सुटत नाहीत, मॅडम." अण्णांनाही तिनेच सांगितलं. रात्री आकडा विचारायचा नाही, "जेवलीस का?" विचारायचं.

बत्तिसाव्या आठवड्यात येळवस आली. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला वेळ अमावस्येला शेतात जाऊ नको म्हणणं म्हणजे दिवाळीला दिवा लावू नको म्हणण्यासारखं आहे. तिने भीत भीत फोन केला. म्हटलं, जा, वही घेऊन जा. खरं तर त्या दिवशीचं जेवण नीट पाहिलं तर भज्जीत ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, बेसन, म्हणजे तिला हवं तेच. अंबील ताकातली. सांभाळायचे ते बाजरीचे उंडे आणि गुळाची खीर. नंतरच्या भेटीत मी वही उघडली. त्या तारखेसमोर तिने लिहिलं होतं: "भज्जी दोन वाट्या, उंडा एक, अंबील, खीर अर्धी वाटी. बांधावरून १५ मिनिटं चालले. १२६. पायरी: खीर. पुढच्या वर्षीही खाणार."

मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅमची. पहिल्या तासातच छातीशी घेतली, तिची साखर ठीक राहिली. सहा आठवड्यांनी रेवती पुन्हा ते ७५ ग्रॅमचं पाणी प्यायली, दोन तासांनी ११८. ही तपासणी बाया हमखास टाळतात, बाळाच्या धांदलीत राहूनच जाते. टाळू नका. ज्यांना गरोदरपणात साखर निघाली, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून दरवर्षी रक्त तपासायचं आणि पुढची खेप असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगायचं.

रेवती वही परत द्यायला आली होती. दुसऱ्या बायांना दाखवा म्हणाली. आत्याबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मशीन पर्समध्ये ठेवता ठेवता रेवती थांबली, कारण त्यांनी बोट पुढे केलं होतं.

"माझी बी बघ की गं."

रेवतीने वही माझ्या हातातून परत घेतली, नवं पान उघडलं आणि वर तारीख टाकली.