रिपोर्टमध्ये हायटस हर्निया निघाला. दुर्बिणीने ऑपरेशन करावंच लागतं का?

नाही, एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर नुसतं ‘हायटस हर्निया’ लिहिलंय म्हणून ऑपरेशन करावं लागत नाही. यातले सुमारे ९५ टक्के ‘स्लायडिंग’ प्रकारचे असतात: अन्ननलिका जठराला मिळते तो सांधा श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) छिद्रातून थोडा वर छातीत सरकतो, जळजळ होते, आणि गोळ्या, वजन कमी करणं, रात्री लवकर जेवणं एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. ऑपरेशनचा विषय निघतो तो अशा परिस्थितीत:

- गोळ्या घेऊनही आंबट पाणी घशाशी येत राहतं
- जठराचा मोठा भाग छातीत चढलाय आणि त्यामुळे घास अडकतो, दम लागतो किंवा रक्त कमी होतं

(पोटात वर अचानक असह्य कळ, उमाळे येतात पण उलटी होत नाही, असं झालं तर जठराला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.) ऑपरेशनमध्ये साधारण पाच बारीक छिद्रांतून जठर खाली ओढतात, श्वासपटलाच्या स्नायूंना टाके घालून छिद्र आवळतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. पूर्ण ३६० अंश गुंडाळलं तर ‘निसेन’, मागून २७० अंश तर ‘टुपे’. निसेनपेक्षा टुपेनंतर गिळायचा त्रास कमी होतो. मात्र मोठा हर्निया पुन्हा वर सरकू शकतो. २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात पाच वर्षांनी निम्म्याहून अधिक रुग्णांच्या तपासणीत तो परत दिसला, छिद्राला आधार म्हणून जैविक जाळी (प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली) बसवलेल्यांतही. पण दुसरं ऑपरेशन फार थोड्यांना लागलं.