पीबल्सला येताय? आधी मुलीची जन्मतारीख बघा

तुम्ही विचारलंत : पत्नीला मेलरोजच्या बॉर्डर्स जनरल हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आहे, आठ वर्षांची मुलगी आहे, ऑगस्ट २०२६ च्या आधी पोचायचं आहे, राहायला स्कॉटलंडमधलं पीबल्स कसं, आणि एवढ्याशा गावात करमेल का? व्हिसा, हेल्थ सरचार्ज, पगाराची अट हे सगळं सरकारी साइटवर सापडेल, ते सोडून देतो.

पीबल्स देखणं आहे, ट्वीड नदीकाठचं. पण रेल्वे नाही, आणि सकाळी सातच्या शिफ्टला बसच्या भरवशावर राहू नका. गाडी घेईपर्यंत गालाशील्स या गावी घर बघा. हॉस्पिटल जवळ, एडिनबराला ट्रेन. कौन्सिल (म्हणजे स्थानिक प्रशासन) दोन्हीकडे एकच, स्कॉटिश बॉर्डर्स, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू.

मुलीची जन्मतारीख तुम्ही लिहिली नाहीत, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. इथे इयत्ता मागच्या शाळेच्या दाखल्यावर ठरत नाही, वयावर ठरते, आणि जन्माचं वर्ष धरतात मार्च ते फेब्रुवारी. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरची अट. म्हणून जानेवारी २०१८ ची आणि एप्रिल २०१८ ची मुलगी यंदा तिकडे एकाच बाकावर, तिसरीत. ऑगस्टमध्ये इथे एप्रिलवाली पी-४ (प्राथमिकचा चौथा वर्ग) मध्ये बसेल आणि जानेवारीवाली पी-५ मध्ये. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या मुलांचं एक अख्खं वर्ष कागदावर गायब होतं. शाळेत सगळे गोड बोलतात, ‘मुलं पटकन रुळतात’ म्हणतात. रुळतात, खरंच. पण वर्गातलं सगळ्यात लहान मूल, तेही नव्या उच्चारांच्या इंग्रजीत, किती दिवस गप्प बसतं ते घरच्यांनाच दिसतं. याबाबत माझं मत कडवट आहे, तेवढं वजा करून वाचा. खालची इयत्ता हवी असेल तर प्रवेशाआधीच मुख्याध्यापकांना लेखी विनंती करा, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं जोडा. मान्य होईलच असं नाही. पण तोंडी बोलणं हवेत विरतं आणि एकदा वर्ग सुरू झाला की मुलीला मैत्रिणींमधून उठवायला तुम्हीच तयार होणार नाही.

आणखी एक : शुक्रवारी शाळा दुपारीच सुटते. दोघंही कामावर असाल तर दर आठवड्याला ही अर्धी दुपार कोण सांभाळणार हे आत्ताच ठरवा. शाळेनंतरच्या क्लबात जागा मोजक्याच असतात, पत्ता मिळाला की त्याच दिवशी नाव लावा. पी-५ पर्यंत शाळेचं जेवण सगळ्यांना फुकट आहे; शाकाहारी असेल तर आधी कळवा, नाहीतर मूल रोज चीज सँडविचवर येतं.

आता कागदांचं रडगाणं. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा, घरमालकाला बँकेचं खातं हवं. हा तिढा सोडवायला हॉस्पिटलच्या एचआरकडून नव्या पत्त्यासकट पत्र घ्या आणि ॲपवरच्या बँकेत खातं उघडा. किल्ली मिळाली की कौन्सिल टॅक्सला (घरपट्टीसारखा कर, पण राहणाऱ्याने भरायचा) स्वतःहून नाव नोंदवा. ते बिल पुढे सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. पाणी आणि सांडपाण्याचा आकारही त्याच बिलात असतो. नेहमीचे हप्ते एप्रिल ते जानेवारी असे दहा, म्हणून ऑगस्टमध्ये आलात तर उरलेली रक्कम थोड्याच हप्त्यांत वसूल होते आणि आकडा बघून छातीत धस्स होतं. मार्चपर्यंत वाटून मागा. घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि घरमालकाने ते ३० कामकाजाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत भरलंच पाहिजे. पहिल्याच दिवशी वीज-गॅसच्या मीटरचे आणि भिंतींवरच्या ओलीचे फोटो काढा. हिवाळ्यात रेडिएटरवर कपडे वाळवून खिडक्या बंद ठेवल्या की बुरशी धरते, आणि जाताना खापर भाडेकरूवर फुटतं. रोज दहा मिनिटं खिडकी उघडायचीच, कितीही थंडी असो.

दातांची सगळी कामं भारतातून उरकून या. एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) दंतवैद्य अनेक ठिकाणी नवे पेशंट घेतच नाहीत. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) मात्र पहिल्याच आठवड्यात नाव घाला, मुलीच्या लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. रिसेप्शनवर ‘काय होतंय’ विचारतात तेव्हा रागावू नका, कोणाकडे पाठवायचं ते त्यावरच ठरतं. बारीकसारीक दुखण्याला थेट फार्मसीत जा : फार्मसी फर्स्टमध्ये फार्मासिस्ट तपासून औषध देतो, फुकट. प्रिस्क्रिप्शनचेही पैसे नाहीत. मुलीचं यंग स्कॉट कार्ड काढा, बावीस वर्षांखालच्यांना बस फुकट आहे.

करमण्याचं विचारलंत. नाही करमत. डिसेंबरात पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यावर उपाय नाही. व्हिटॅमिन डी घ्या. लोक रस्त्यात हसून हवेबद्दल बोलतात, घरी बोलवत नाहीत. काम अंगावर घेतलंत की बोलवतात. शनिवारी साडेनऊला ‘हे लॉज’ (Hay Lodge) पार्कात पार्करन म्हणजे सगळ्यांना खुली असलेली सामूहिक धाव असते; तिथे पळू नका, पिवळं जॅकेट घालून स्वयंसेवक म्हणून उभे राहा. कम्युनिटी कौन्सिलची (गावातल्या रहिवाशांच्या समितीची) बैठक सगळ्यांना खुली असते, मागे बसून ऐका. जूनमध्ये बेल्टेनचा उत्सव असतो. प्राथमिकच्या शेवटच्या वर्गातली मुलगी राणी होते, आणि तयारीला हात कमीच पडतात. मुलांसोबत नियमित काम करणार असाल तर पीव्हीजी तपासणी (पूर्वीचे गुन्हे वगैरे आहेत का ते बघणारी) लागते, स्वयंसेवकांना तिची फी नाही. गणपतीला एडिनबरा गाठा, लीथमध्ये मंदिर आहे.

राहिलं लायसन्स. भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते, नंतर नाही. आल्याआल्या प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढा आणि थिअरी उरका, कारण प्रॅक्टिकलची तारीख लवकर मिळत नाही. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिलीत तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं, आणि इथल्या जुन्या स्वस्त गाड्या बहुतेक गिअरच्या.