संदर्भ उशिरा का मिळतात?

प्रश्न : १९३०च्या मार्शल लॉआधीच्या सोलापुरातील गिरणी कामगारांच्या वस्त्यांवर माझा शोधनिबंध २०२२मध्ये छापून आला. आजवर तिघांनीच त्याचा संदर्भ दिला. पुढचा लेख इम्पॅक्ट फॅक्टर जास्त असलेल्या नियतकालिकालाच द्यावा का?
– एक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : तीन संदर्भांवरून लेखाची किंमत करू नका. नियतकालिकाचा २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्यातल्या २०२२ आणि २०२३मधल्या लेखांना २०२४मध्ये मिळालेले संदर्भ, भागिले त्या लेखांची संख्या. ऐतिहासिक समाजशास्त्रात ही दोन वर्षं फार तोकडी पडतात. तुमचा लेख वाचून कुणी दप्तरं चाळणार, लिहिणार, मग परीक्षण आणि छपाई. शिवाय इथलं वजनदार लेखन ग्रंथांतून येतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ थीडा स्कॉचपोल यांचा क्रांत्यांवरचा ग्रंथ १९७९चा, आजही त्याचे संदर्भ दिले जातात. मराठी पुस्तकांतले संदर्भ तर संदर्भ मोजणाऱ्या मोठ्या निर्देशसूचींत बहुधा येतच नाहीत. गूगलची शोधनिबंध शोधण्याची सेवा, गूगल स्कॉलर, प्रबंध आणि पुस्तकंही धरतं, म्हणून तिथला आकडा मोठा; पण एकच नोंद दोनदा मोजलेली नाही ना, हे पाहा.

नियतकालिक निवडताना स्वतःची संदर्भसूची उघडा. त्यात जे तीन-चारदा आलंय, तिथेच तुमचे वाचक आहेत. दप्तरांवर आधारलेल्या कामाला ‘इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्टरी रिव्ह्यू’, संकल्पनात्मक मांडणीला ‘सोशियॉलॉजिकल बुलेटिन’.

आता सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट : स्पेलिंग. ब्रिटिश काळातल्या इंग्रजी कागदांत, १८८४च्या गॅझेटियरमध्येही, गावाचं नाव ‘शोलापूर’ आहे. जुन्या नावाने शोधणाऱ्याला तुमचा लेख सापडत नाही. शीर्षकात आजचं नाव ठेवा, सारांशाच्या पहिल्या वाक्यात आणि कळशब्दांत (कीवर्ड्समध्ये) जुनंही द्या. लेख मराठीत असेल तर इंग्रजी सारांश हवाच. स्वतःचं नाव रोमन लिपीत कायम एकाच पद्धतीने लिहा आणि संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक जोडा. नाहीतर दोन स्पेलिंगांखाली संदर्भ विखुरतात.

दप्तराचा संदर्भ देताना अभिलेखागार, खातं, वर्ष, खंड, फाइल क्रमांक, पान, सगळं लिहा. यात एक धोका आहे. पुढचा संशोधक तीच फाइल काढतो, तिचाच संदर्भ देतो आणि तुम्हाला वगळतो. पण म्हणून काही फाइल क्रमांक लपवायचे नाहीत, तो अभ्यासाशी अन्याय ठरेल. त्याऐवजी कागदांवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष सारांशात एका स्पष्ट वाक्यात मांडा. कागद कुणालाही उघडता येतो; तो निष्कर्ष वापरायचा तर तुमचंच नाव घ्यावं लागतं.