घटस्फोट झाला, पण पॉलिसीवर नाव अजून त्यांचंच

प्रश्न : माझा परस्पर संमतीने घटस्फोट झाला आहे. आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे असते. लग्नानंतर घेतलेल्या माझ्या दोन आयुर्विमा पॉलिसींवर माजी पतीचं नाव नॉमिनी म्हणून आहे. घटस्फोटानंतर ते आपोआप बाद होतं, असं एजंट म्हणतात. खरं आहे का? बदलायचंच झालं तर आईचं नाव घालू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, एजंटांचं ऐकून स्वस्थ बसू नका. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने विम्याचं नॉमिनेशन रद्द होत नाही. कोर्ट तो हुकूमनामा विमा कंपनीला कळवत नाही आणि पैसे देताना कंपनी आपल्या दप्तरी असलेलंच नाव पाहते. विमा कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे, नाव बदलल्याची लेखी सूचना मिळालेली नसताना तिने जुन्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे दिले, तर तिची जबाबदारी संपते.

नॉमिनी म्हणजे फक्त पैसे घेणारा, मालक वारसच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात म्हटलं होतं. पण २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर त्यांचाच हक्क, अशी तरतूद आली. त्यामुळे वारसांचा हक्क संपतो का, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही. घटस्फोटानंतर ते जोडीदार उरले नाहीत, हा मुद्दा मुलीच्या बाजूने मांडता येईल. पण मांडणार कोण? तुमच्या पश्चात तिचे नैसर्गिक पालक वडीलच, आणि दावा त्यांच्याच विरुद्ध. आजीला किंवा मावशीला तिच्या वतीने कोर्टात उभं राहावं लागेल. आठ वर्षांच्या लेकरामागे हे लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

आईला नॉमिनी करू नका. आई कितीही मायेची असली तरी त्याच दुरुस्तीमुळे रक्कम कायद्याने तिचीच ठरू शकते. नॉमिनी मुलीलाच करा. ती अज्ञान असल्यामुळे तिच्या वतीने रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती, म्हणजे अपॉइंटी, नेमा. हा रकाना मोकळा सोडू नका. आईचं वय झालं असेल तर बहीण किंवा भाऊ बरा. अर्जावर त्यांची संमतीची सही लागते.

त्याआधी घटस्फोटाच्या समजुतीच्या अटी पुन्हा वाचा. पॉलिसींबद्दल काही कबूल केलं असेल तर ते पाळावं लागेल. मग मूळ पॉलिसी घेऊन शाखेत नॉमिनेशन बदलाचा अर्ज द्या आणि बदल नोंदवल्याची लेखी पोच मागून घ्या. ती पोच देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मृत्युपत्रानेही नॉमिनी बदलता येतो, पण कंपनीला ते कळलंच नाही तर पैसे जुन्याच नावावर जातील. मृत्युपत्र जरूर करा, पण वेगळ्या कारणासाठी : मुलगी सज्ञान होईपर्यंत रक्कम कोणी आणि कशी सांभाळायची, ते त्यात दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवा.

बँकेचं पासबुकही काढा. दरवर्षी ४३६ रुपये कापले जात असतील तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेचा दोन लाखांचा विमा आहे; त्यावरही नॉमिनी कोण आहे ते पाहा. नोकरीत असाल तर पीएफचं नॉमिनेशनही तपासा. पीएफसोबत मिळणारा, कमाल सात लाखांपर्यंतचा विमा त्याच नावावर जातो.