मातेराझ्झीसारखं खेळता खेळता कोच व्हायचं असेल तर

तुमची पोस्ट वाचली. वय 32, फुटबॉलमधला स्टॉपर (मधला बचावपटू), गुडघा साथ देत नाही, संघातली मंडळी म्हणतात आता तूच कोच हो, आणि ज्या संस्थेकडून तुम्ही आधी खेळलात तिचं कार्यालय खेळल्याचा दाखला द्यायला टाळाटाळ करतंय. शेवटी विचारलंय की इटलीचा बचावपटू मार्को मातेराझ्झी चेन्नईत एकदम खेळाडू-कोच झाला, मग आपल्याला का जमू नये? दाखल्याचं वाचलं आणि राहवेना. तेच दुखणं मी काढलंय, म्हणून सविस्तर लिहितो. कोचसाठीच्या डी लायसन्सचा अर्ज कसा भरायचा वगैरे सांगत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच.

आधी मातेराझ्झी. त्याचं नाव निघालं की लोकांना 2006 च्या वर्ल्ड कपची फायनल आणि फ्रान्सच्या झिदानने छातीवर मारलेलं डोकं एवढंच आठवतं. स्टॉपरने मात्र त्याची कारकीर्द तळापासून वाचावी. 1973 चा जन्म, गाव लेच्चे, वडील जुझेप्पे स्वतः खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक. घरातच कोच असूनही या पोराने सुरुवात केली ती सिसिलीत, मार्साला आणि त्रापानी अशा खालच्या डिव्हिजनच्या संघांतून. मग पेरुजाने घेतलं, मध्येच कार्पीला धाडलं, परत बोलावलं. 1998-99 चा एक सीझन इंग्लंडमध्ये एव्हर्टनकडे, तिथे लाल कार्डं, की पुन्हा पेरुजा. 2000-01 मध्ये त्याने सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या वरच्या लीगमध्ये, 12 गोल केले आणि बचावपटूंमधला अर्जेंटिनाच्या पासारेलाचा 11 गोलांचा विक्रम मोडला. त्यात पेनल्टी बऱ्याच होत्या, तरी स्टॉपरला 12 म्हणजे चेष्टा नाही. इंटर मिलानने त्याला घेतलं ते त्यानंतर, वयाच्या 28व्या वर्षाच्या तोंडावर. म्हणजे ज्याला आपण एकदम झालेला म्हणतो, त्याने किती ड्रेसिंग रूम पाहिल्या ते बघा.

वर्ल्ड कपलाही तो पहिल्या अकरांत नव्हता. चेक रिपब्लिकविरुद्ध इटलीचा स्टॉपर नेस्टा दुखावला तेव्हा हा आत आला आणि थोड्याच वेळात कॉर्नरवर गोल करून मोकळा झाला. पुढच्याच मॅचला ऑस्ट्रेलियाविरुद्ध लाल कार्ड, त्यामुळे क्वार्टर फायनल बाहेर बसून. फायनलमध्ये सातव्या मिनिटाला फ्रान्सच्या मालुदावरच्या त्याच्या टॅकलवर पेनल्टी दिली गेली आणि झिदानने गोल केला. आता 19वं मिनिट नीट बघा, व्हिडिओ सहज मिळेल. पिर्लोचा कॉर्नर उजवीकडून येतो, समोर विएरासारखा उंच गडी, आणि मातेराझ्झी त्याच्याही वर चढून हेडर मारतो. पेनल्टी देऊन बसलेला स्टॉपर दहा-बारा मिनिटांत बिनधास्त समोरच्या बॉक्समध्ये उडी मारतो, हे मी माझ्या पोरांना दरवर्षी दाखवतो. पुढे शूटआउटमध्येही त्याने आपली पेनल्टी मारली आणि इटली 5-3 ने जिंकली.

झिदानला तो जे बोलला त्याचं समर्थन मी करणार नाही. फिफाने त्यालाही दोन सामन्यांची बंदी आणि दंड ठोठावला होता. आपल्याकडे काही कोच बारा-तेरा वर्षांच्या पोरांना समोरच्याला डिवचायला शिकवतात आणि वर मातेराझ्झीचा दाखला देतात. मला याचा मनापासून राग येतो. कोच झालात तर हे पहिल्या दिवशी बंद करा.

कोचच्या नजरेने बघायचं तर माझ्या मते त्याचे दोन प्रसंग वर्ल्ड कपपेक्षा मोलाचे आहेत. पहिला मे 2008 चा. सिएनाविरुद्ध 2-2, इंटरला पेनल्टी. घेणार होता संघातलाच क्रूझ, पण मातेराझ्झीने हट्टाने चेंडू आपल्याकडे घेतला आणि गोलकीपरने ती अडवली. जिंकले असते तर लीग तिथेच खिशात होती. शेवटी पुढच्या आठवड्यात पार्माच्या मैदानावर इब्राहिमोविचने दोन गोल मारले तेव्हा कुठे ती मिळाली. पेनल्टी कोण घेणार हे मॅचच्या आधी ठरवायचं आणि मैदानावर बदलू द्यायचं नाही.

दुसरा 2010 चा. माद्रिदला चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्नविरुद्ध 2-0, आणि हा आत आला तो इंज्युरी टाइममध्ये, मिलिटोच्या जागी. सीझनचा बराच भाग बाकावर बसलेला माणूस. तरीही त्या रात्री स्टेडियमबाहेर इंटरचा कोच मोरिन्यो क्लब सोडून निघाला तेव्हा दोघं गळ्यात पडून रडले. ज्याला खेळवत नाही तोही आपला राहिला पाहिजे, ही कोचच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. लायसन्सच्या वर्गात तासभर सांगून ती येत नाही.

आता चेन्नई. 2014 मध्ये तो इंडियन सुपर लीगमधल्या चेन्नईयिनचा खेळाडू-कोच झाला खरा, पण स्वतः मोजकेच सामने खेळला. सीझनच्या अखेरीस त्याने नेस्टालाही बोलावून घेतलं. संघ लीगमध्ये पहिला आला आणि सेमी फायनलमध्ये केरळकडून जादा वेळेत गेला. 2015 मध्ये संघ एका टप्प्यावर तळाला होता, तिथून सलग चार सामने जिंकून सेमीत पोचला. त्यातच चेन्नईला पूर आला आणि कोलकात्याविरुद्धची घरची सेमी पुण्याला बालेवाडीत हलवली. ती मी स्टेडियममध्ये पाहिली, 3-0. बॉल सोडून मी त्यांच्या बॅकलाइनकडेच बघत होतो. मग 20 डिसेंबरला गोव्यातल्या फातोर्ड्यात, झिको कोच असलेल्या एफसी गोवाविरुद्ध फायनल. 87व्या मिनिटाला जोफ्रेने गोव्याला 2-1 पुढे नेलं, सगळा गोवा नाचायला लागला. 90व्या मिनिटाला गोव्याचा गोलकीपर कट्टीमणीच्या हातून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि पाठोपाठ चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा मारला. गोव्याच्या मित्रांसमोर हा विषय आजही जपून काढावा लागतो.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. 2016 मध्ये तोच कोच, आणि संघ आठात सातवा. मार्च 2017 मध्ये तो गेला आणि त्यानंतर कुठल्या क्लबचा मुख्य कोच म्हणून दिसला नाही. त्या पडलेल्या सीझनमध्येही एक काम त्याने चांगलं केलं. मिझोरमचा लेफ्ट बॅक जेरी लालरिनझुआला याला अठराव्या वर्षी सातत्याने खेळवलं, आणि त्या वर्षीचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार जेरीलाच मिळाला. मला विचाराल तर ट्रॉफीइतकंच हेही मोठं.

म्हणून माझं स्पष्ट मत: खेळाडू-कोच व्हायच्या भानगडीत पडू नका. त्याच्यामागे दोन-अडीच महिन्यांची लीग, पैसेवाले मालक आणि मेंडोझासारखा स्ट्रायकर होता. तुमच्यामागे दुखरा गुडघा आणि पेठेतली चार माणसं आहेत, ती पहिल्या पराभवानंतर काय बोलतील ते मी सांगायला नको. एक सीझन तेरा वर्षांखालच्या पोरांना घ्या, बायकोशी बोलून घ्या, मग ठरवा. हा माझ्यापुरता अनुभव आहे, कुणाला उलटही आला असेल.

आता दाखला. माझ्या वेळी ज्या संस्थेकडून मी खेळलो तिथे फाइल तयार होती, मजकूर टाइप झालेला, सहीसुद्धा झालेली. अडलं होतं जावक क्रमांकावर. जावक रजिस्टर ज्या बाईंकडे त्या रजेवर, त्या आल्या तर रजिस्टर ऑडिटला गेलेलं, रजिस्टर आलं तर सही करणारे साहेब बदललेले आणि नवे म्हणतात मी तुम्हाला ओळखत नाही, नव्याने अर्ज द्या. ज्या शर्टासाठी नाक फोडून घेतलं त्याच संस्थेच्या बाकड्यावर बसून "उद्या या" ऐकायचं. तोवर कोर्सची बॅच भरली. एका शाळेत कोचची जागा होती, ती दुसऱ्याला गेली. त्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडे कागद होता. पण एका आकड्यासाठी माझा अख्खा सीझन गेला, आणि ते नुकसान कुणीही भरून दिलं नाही. खेळाडू मैदानावर असेपर्यंत हीच मंडळी फोटोला पहिल्या रांगेत असतात.

तर तोंडी विचारत बसू नका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. संस्था सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, खासगी असेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. आणि मुख्य म्हणजे त्या एकाच कागदावर अडून राहू नका. फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत तुमची जुनी नोंद असेल तर तिची प्रत काढा, स्पर्धेच्या आयोजकांकडे टीमशीट मागा, वर्तमानपत्रातली कात्रणं तारखेसकट स्कॅन करा. काय चालतं नि काय नाही ते दरवर्षी बदलतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी कोर्स घेणाऱ्यांनाच ईमेलवर विचारा, फोनवर नको. लेखी उत्तर हाताशी असलं की काउंटरवरचा माणूस जरा सरळ बोलतो.

गुडघ्याचं एमआरआय केलंय का, ते लिहिलं नाहीत. केलं नसेल तर लायसन्सच्या आधी ते करा, कारण कोर्समध्ये प्रात्यक्षिकाला मैदानात उतरावं लागतं.