मँटेल सर्जन होता, मग गोळ्या का वळत होता?

तुमचे प्रश्न दोन: इग्वानोडॉन या डायनोसॉरला नाव देणारा गिडियन मँटेल जर 'सर्जन' होता तर त्याच्या चरित्रात बाटल्या धुणं आणि गोळ्या वळणं का येतं, आणि जीवाश्मांच्या नादापायी त्याचं घर बुडालं हे खरं का. पहिल्याचा उलगडा झाला की दुसऱ्याचं अर्धं उत्तर हाती लागतं.

कागदोपत्री तेव्हाच्या इंग्लंडमध्ये वैद्यकीचे धंदे तीन होते. विद्यापीठाची पदवी असलेला फिजिशियन सल्ला देई, सर्जन हाड बसवणं, गळू फोडणं अशी हाताची कामं करी, आणि अपॉथेकरी औषध तयार करून देई. पण ससेक्समधल्या लुइससारख्या गावात तिघांना पुरेल एवढं गिऱ्हाईक कुठलं? तिथे एकच माणूस दात उपटी, बाळंतपण करी आणि औषधही कुटी. तो सर्जन-अपॉथेकरी. पदवी नाही, म्हणून त्याला 'डॉक्टर' न म्हणता 'मिस्टर' म्हणायचे.

शिक्षण उमेदवारीतून. मँटेलचे वडील जोडे बनवणारे. त्यांनी 1805 मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला लुइसच्याच जेम्स मूर यांच्याकडे पाच वर्षांसाठी ठेवलं आणि त्यासाठी 200 पौंड मोजले. म्हणजे पगार मिळायचा सोडाच, शिकवणाऱ्यालाच पैसे द्यायचे. सुरुवातीला कंपाउंडरचं काम, पुढे दात उपटणं आणि हिशेब. त्यानंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात थोडा काळ काढून 1811 मध्ये तो रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा सभासद झाला आणि गावी परतला.

गोळ्या वळणं हे हलकं काम समजू नका. भुकटी खलात घोटायची, मध किंवा पाक थेंबाथेंबाने घालून कणकेसारखा गोळा करायचा, त्याची सारख्या जाडीची वळी लाटायची, मोजून तुकडे पाडायचे, बोटांनी गोल करायचे आणि चिकटू नयेत म्हणून ज्येष्ठमधाच्या पुडीत लोळवायचे. पाक जास्त झाला की डबीत सगळ्या गोळ्यांचा एक लगदा. कमी पडला की वळी तडकते. वळी एका टोकाला जाड राहिली तर त्या टोकाच्या गोळीत औषध जास्त, आणि अफूच्या गोळीत तो फरक जिवावर बेतायचा.

त्याहून मोठी चूक वजनात व्हायची. 20 ग्रेन म्हणजे 1 स्क्रूपल, 3 स्क्रूपल म्हणजे 1 ड्रॅम, 8 ड्रॅम म्हणजे 1 औंस, आणि या औषधी मापात पौंडाला औंस 12, किराणा दुकानातल्यासारखे 16 नव्हेत. ड्रॅमचं चिन्ह तीनच्या आकड्यासारखं, औंसचं तसंच, फक्त डोक्यावर एक रेघ जास्त. घाईत ती रेघ वाचण्यात चूक झाली की मात्रा आठपट किंवा एक-अष्टमांश.

आता पैसा. 1704 मध्ये विल्यम रोझ या अपॉथेकऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला आणि अपॉथेकऱ्याला रोगी तपासून औषध देता येऊ लागलं. पण सल्ल्याचे पैसे मागायचे नाहीत, औषधाचेच लावायचे, ही रीत 1830 च्या आसपासपर्यंत टिकली. परिणाम उघड आहे: चार मैल घोड्यावर जाऊन रात्रभर रोग्यापाशी बसलात तरी बिल बाटल्यांचंच. म्हणून एका मोठ्या बाटलीऐवजी एकेका मात्रेच्या छोट्या बाटल्या पाठवायच्या, एकेकीचे साधारण दीड शिलिंग. दिवसाला चार पाठवल्या की सहा शिलिंग. लोक याला लुबाडणूक म्हणत. माझ्या मते दोष त्या रीतीचा जास्त. त्यातून बिलं बहुधा वर्षाकाठी जायची आणि वसुली रखडायची.

मँटेलने अशा धंद्याची कमाई वर्षाला 250 पौंडांवरून 750 वर नेली. साथीच्या दिवसांत रोज पन्नासच्या वर रोगी, वर्षाला दोनशे ते तीनशे बाळंतपणं. माणूस कामात चोख होता. 1826 मध्ये हॅना रसेल या बाईला नवऱ्याला सोमल (आर्सेनिक) घातल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा फिर्यादीच्या बाजूने केलेली रासायनिक परीक्षा भरवशाची नाही हे मँटेलने दाखवून दिलं, आणि तिची सुटका झाली.

घराकडे वळू. 1816 मध्ये त्याचं मेरी ॲन वुडहाउसशी लग्न झालं. बिऱ्हाड कॅसल प्लेसमध्ये. तिथल्या खांबांच्या माथ्यावर अमोनाइट या शंखासारख्या जीवाश्माची वेटोळी कोरलेली आहेत. मुलं चार: एलेन, वॉल्टर, हॅना, रेजिनाल्ड. त्याच्या जीवाश्मांवरच्या 1822 च्या पुस्तकातल्या चित्रांचे ठसे मेरीने कोरले. नवरा रोगी बघत असताना तिला रस्त्याकडेला इग्वानोडॉनचा तो प्रसिद्ध दात सापडला, ही गोष्ट सगळीकडे वाचाल; तिला आधार कच्चा आहे. हाडं आणि दात त्याला मुख्यतः कक्फील्डजवळच्या खाणीतले मजूर पैसे घेऊन पुरवत.

म्हणून 'जीवाश्मांनी घर बुडवलं' हे मला अर्धवट वाटतं. 1816 ते 1833 अशी सतरा वर्षं दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली चालल्या. घराचं संग्रहालय होत चाललं होतं, मेरीला त्याचा जाच होता, हे खरं. पण चूल पेटत होती. अशा डॉक्टरची मिळकत म्हणजे गावाची ओळख: कुणाची बाळंतपणं आपण केली, कोण उधारी फेडतो. ती गाठोड्यात बांधून नेता येत नाही. 1833 मध्ये लॉर्ड एग्रेमॉन्टने दिलेल्या 1000 पौंडांच्या जोरावर तो ब्रायटनला, ओल्ड स्टाइनवर, गेला. लोक आले ते हाडं बघायला. नाडी दाखवायला फारसं कुणी येईना. पुढे सगळ्या घराचंच संग्रहालय झालं आणि बायकामुलांना दुसरीकडे राहावं लागलं. 1838 मध्ये संग्रह ब्रिटिश म्युझियमला 4000 पौंडांना विकून त्याने लंडनजवळ क्लॅपमला दुसऱ्याची प्रॅक्टिस विकत घेतली. तोवर फार उशीर झाला होता.

1839 मध्ये मेरी घर सोडून गेली. मुलगी हॅना 1840 मध्ये वारली. 1841 मध्ये घोडागाडीच्या अपघातात मँटेलच्या पाठीला इजा झाली. पुढची अकरा वर्षं दुखणं आणि अफू, आणि नोव्हेंबर 1852 मध्ये अफूची मात्रा जास्त होऊनच तो गेला. रेजिनाल्ड इंजिनिअर झाला आणि 1857 मध्ये अलाहाबादला वारला. वॉल्टर बाप हयात असतानाच न्यूझीलंडला निघून गेला होता. तिथून त्याने बापाला मोआ पक्ष्याची हाडं पाठवली.