जबड्याचा आवाज आणि दुखणे

प्रश्न : भाकरी चावताना, जांभई देताना कानाजवळ ‘कट्’ असा आवाज येतो आणि दुखते. व्यायामाने आराम पडेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : बहुतेकदा पडतो. कानापुढच्या सांध्यातील सरकलेली चकती तोंड उघडताना जागेवर येते, तेव्हा असा आवाज होतो. नुसत्या आवाजाला सहसा उपचार लागत नाहीत. आपल्याला दुखते आहे, म्हणून जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला टेकवून, ते सुटू न देता, आरशासमोर तोंड सावकाश, सरळ रेषेत उघडावे व मिटावे; असे सहा वेळा, दिवसातून सहादा. जोर मुळीच करू नये. काही दिवस भाकरी आमटीत कुस्करून खावी. एरवी ओठ मिटलेले असतानाही दातांवर दात टेकू देऊ नयेत, हे व्यायामाइतकेच महत्त्वाचे आहे. जबडा अडकू लागल्यास मात्र दंतवैद्यांना लगेच दाखवावे.